बाल्टिक पुराणकथांतील आंबवणाची दैवते: पुजलेली किती आणि कागदावरची किती?

जलतरंग

लिथुआनिया, लाटव्हिया आणि जुना प्रशिया या बाल्टिक प्रदेशांच्या ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या धर्माविषयी सध्या वाचतो आहे. लिथुआनियाच्या राजसत्तेने १३८७ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच्या पश्चिमेकडच्या समोगितियाची पाळी १४१३ मध्ये आली. युरोपात इतक्या उशिरा धर्मांतर झालेले प्रदेश फार थोडे आहेत, त्यामुळे तिथल्या जुन्या दैवतांविषयीची टिपणे पंधराव्या ते सतराव्या शतकापर्यंत मिळत राहतात.

या टिपणांत मला सर्वाधिक कुतूहल वाटले ते स्वयंपाकघरातल्या आणि कोठीतल्या दैवतांचे. रौगुपातिस हा आंबवणाचा देव आहे. बिअर नीट फसफसावी आणि पीठ नीट फुगावे हे त्याचे काम. दुग्नाइ ही मळलेल्या पिठाची देवी आहे. मातेरगाबियेला काथवटीतून काढलेली पहिली भाकर अर्पण करतात. कणसे भरण्याच्या, धान्य वाळवण्याच्या आणि मध गोळा करण्याच्या कामांवरही कोणी ना कोणी देखरेख ठेवून आहे.

प्रश्न असा आहे की, लोक या देवतांना खरोखर भजत होते, की कोणा पाद्र्याने किंवा प्रवाशाने प्रत्येक घरगुती कामाला एकेक देव चिकटवून यादी लांबवली? माझे मत आताच सांगतो. नावांवर माझा फारसा विश्वास नाही, पण त्या नावांसोबत वर्णन केलेल्या कृतींवर आहे. जाणकारांनी लिहावे.

सप्तपर्णी

यातली बरीच नावे यान वासित्स्की या पोलिश प्रोटेस्टंट लेखकाच्या समोगितियातील देवांविषयीच्या लॅटिन पुस्तिकेत येतात. ती १५८० च्या सुमारास लिहिली गेली आणि १६१५ मध्ये बाझेल येथे छापून आली. त्याला माहिती पुरवली याकुब लास्कोव्स्की या जमीनमोजणी करणाऱ्या माणसाने, जो कामानिमित्त समोगितियातल्या गावांतून हिंडला होता. पुस्तिकेच्या शीर्षकातच ‘खोट्या ख्रिस्ती लोकांच्या’ देवांचाही उल्लेख आहे. कॅथलिकांमध्ये दातदुखीपासून गुराढोरांपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी एकेक संत असतो, याची टिंगल करण्याचा हेतू त्यामागे उघड दिसतो. अशा माणसाला प्रत्येक कामाचा स्वतंत्र देव सापडला, तर यादी जितकी लांब तितकी त्याच्या युक्तिवादाला बळकटीच येणार. म्हणून सत्तरहून अधिक नावांची ही यादी वाचताना लेखकाला काय सिद्ध करायचे होते, ते लक्षात ठेवावे लागते.

हरभऱ्याचे झाड

त्या यादीत डुकरांचा देव क्रेमाता आहे आणि झोपडीतल्या ठिणग्या विझवणारा एक स्वतंत्र देवही आहे. ज्या खात्यात ठिणग्यांसाठी वेगळी नेमणूक होते, त्या खात्यात आंबवणासाठी एक पद मंजूर व्हायला काय हरकत होती?

साशंक

सप्तपर्णी यांच्याशी सहमत आहे, आणि मी एक पाऊल पुढे जाईन. इसवी सन ८९० च्या सुमारास वुल्फस्तान नावाचा एक दर्यावर्दी आजच्या पोलंडमधील एल्ब्लाँगजवळच्या त्रुसो या बंदरात आला होता. त्याचा वृत्तांत जुन्या इंग्रजीत टिकून आहे. तो स्पष्ट म्हणतो की, तिथल्या प्रशियन लोकांत राजा आणि श्रीमंत घोडीचे दूध पितात, गरीब आणि गुलाम मधाचे मद्य पितात, आणि बिअर मुळी केलीच जात नाही. प्रशिया जिंकणाऱ्या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या ट्युटॉनिक सरदारसंघाचा इतिहासकार पीटर डुसबुर्ग १३२६ मध्ये प्रशियनांविषयी तेच सांगतो. पाणी, मधाचे मद्य आणि घोडीचे दूध यांपलीकडे जुन्या काळी त्यांना पेय ठाऊक नव्हते. मग बिअरच्या पिंपावर बसलेला हा रौगुपातिस प्राचीन कसा असेल? बिअर पश्चिमेकडून आली आणि तिच्यामागून देवही आला, असे का म्हणू नये?

सप्तपर्णी

साशंक, पुरावा महत्त्वाचा आहे, पण तो जितका ताणला आहे तितका ताणला जात नाही. वुल्फस्तान आणि डुसबुर्ग दोघेही प्रशियनांविषयी बोलत आहेत, तर वासित्स्की समोगितियाविषयी. दोन्ही लोक बाल्टिक असले, तरी एकच नव्हेत. शिवाय वासित्स्कीचे मूळ वाक्य पाहा. पिंपातून काढलेला पहिला घोट रौगुझेमेपातिसला (रौगुपातिसचेच हे लांब नाव) अर्पण करतात, आणि तो घोट ‘बिअरचा किंवा मधपाण्याचा’ असतो, असे तो सांगतो. म्हणजे देव बिअरला बांधलेला नाही, तो पिंपात जे आंबते त्याला बांधलेला आहे. मधाचे मद्य तर साशंक यांच्या दोन्ही साक्षीदारांना मान्यच आहे.

जाता जाता, डुसबुर्गने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. घोडीचे दूध आधी विधिपूर्वक पवित्र केल्याशिवाय हे लोक पीत नसत. पेय तोंडाला लावण्यापूर्वी त्याचे काहीतरी करायचे असते, ही समजूत त्या प्रदेशात १३२६ च्याही आधीची आहे, एवढे त्यावरून नक्की म्हणता येईल.

हरभऱ्याचे झाड

डुसबुर्ग असेही लिहितो की, पाहुणा झिंगेपर्यंत पाजला नाही तर पाहुणचार झाला असे त्यांना वाटत नसे. ही समजूत किती प्राचीन मानायची?

कौनसवासी

नोकरीच्या निमित्ताने मी लिथुआनियातील कौनस येथे राहतो. देवाविषयी इथल्या माणसाला विचारले तर तो हसतो आणि विषय बदलतो, पण राय या धान्याच्या काळ्या पावाविषयी विचारले तर तासभर बोलतो. माझ्या घरमालकीणबाई सत्तरी उलटलेल्या आहेत. त्यांच्या आजीच्या घरी पीठ आंबवण्यासाठी ओकच्या फळ्यांचे झाकणाचे पिंप होते. ते कधीही धूत नसत. पाव भाजून झाला की पिंपाच्या कडांना चिकटलेले पीठ खरवडून त्याचा गोळा करायचा, त्यावर मीठ भुरभुरायचे आणि तो तळाशी ठेवून द्यायचा, म्हणजे पुढच्या खेपेचे पीठ त्यावर आंबते. खाली पडलेला पावाचा तुकडा उचलून बाई आजही त्याचे चुंबन घेतात आणि मगच खातात. यात कुठल्या देवाचे नाव त्या घेत नाहीत.

भट्टीत पावाखाली वेखंडाची किंवा कोबीची पाने घालत असत. पाव उलटा केला की त्या पानांच्या शिरा तळाच्या कवचावर उमटलेल्या दिसतात. कौनसजवळ रुमशिशकेस येथे जुनी शेतघरे आणून उभी केलेले मोठे खुले संग्रहालय आहे. या विषयाची आवड असणाऱ्याने तिथे एक दिवस काढावा.

पाटवाट

पहिला घोट आणि पहिली भाकर देवाला, हे वाचून आपल्याकडचा गोग्रास आणि जेवणापूर्वीची चित्राहुती आठवली. काही संबंध असेल का?

सप्तपर्णी

पाटवाट, पहिला वाटा बाजूला काढण्याची चाल पृथ्वीच्या पाठीवर इतक्या ठिकाणी आहे की, त्यावरून नाते सिद्ध होत नाही. तुलना करायचीच असेल, तर आधी तिथे नेमके काय करत ते बारकाईने पाहावे लागेल. त्यासाठी माटेउस प्रेटोरिउस हा साक्षीदार वासित्स्कीपेक्षा कितीतरी सरस आहे.

प्रेटोरिउस हा मेमेल, म्हणजे आजचे क्लाइपेदा, येथे जन्मलेला आणि पूर्व प्रशियातील निबुद्झेन या गावी धर्मोपदेशक असलेला माणूस. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने तिथल्या लिथुआनियन भाषक शेतकऱ्यांच्या चालीरीतींवर एक प्रचंड हस्तलिखित तयार केले, ज्यातले निवडक भाग बर्लिनमध्ये १८७१ साली छापून आले. साबारिओस नावाच्या विधीचे त्याने दिलेले वर्णन असे आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला हा विधी होई. गहू, जव, ओट, जवस, घेवडा, मसूर अशा प्रत्येक धान्याच्या नऊ मुठी घेत आणि प्रत्येक मुठीचे तीन भाग करत. असे सत्तावीस सत्तावीस वाटे एका ढिगात मिसळत. हे धान्य नव्या हंगामात सर्वांत आधी झोडपून पाखडलेले असावे लागे. त्यातल्या काही पिठाचे घरातल्या प्रत्येक माणसासाठी एकेक छोटा पाव करत, आणि उरलेल्यात आणखी जव किंवा ओट घालून त्याची बिअर करत. पहिल्या काढणीची बिअर घरधनी, त्याची बायको आणि मुले यांच्यासाठी असे, दुसऱ्या काढणीची गडीमाणसांसाठी.

बिअर तयार झाली की, कोणी परका येण्याची शक्यता नाही अशी संध्याकाळ घरधनी निवडत असे. तो पिंपापुढे गुडघे टेकून एक मगभर बिअर काढी आणि पिंपाच्या बुचावर ओतत म्हणे की, हे फलदायिनी भूमी, राय, जव आणि सर्व धान्ये बहरू देत. नंतर घरात, त्याच वर्षी उबवलेल्या, एकाच रंगाच्या कोंबडा आणि कोंबडीला तो लाकडी पळीने मारत असे. सुरीने मान कापायला मनाई होती आणि पक्षी लाल रंगाचा चालत नसे. ते पूर्वी कधीही न वापरलेल्या नव्या मडक्यात शिजवत. मग धान्य मोजायचे माप जमिनीवर पालथे घालून त्यावर ते पाव आणि शिजवलेली कोंबडी ठेवत आणि सगळे कुटुंब त्याभोवती गुडघे टेकून बसे. बिअरचे तीन मग आणि एक पळी एवढ्याच प्रसंगाला बाहेर निघत. प्रत्येकाने ते तिन्ही मग नऊ वेळा रिकामे करायचे, अन्न उरू द्यायचे नाही, उरलेच तर दुसऱ्या सकाळी त्याच विधीने संपवायचे. हाडे कुत्र्याला घालायची आणि त्याने सोडलेली गोठ्यातल्या शेणाखाली पुरायची. त्या दिवशी कोणी वाईट शब्द उच्चारायचा नाही.

हरभऱ्याचे झाड

तीन मग नऊ वेळा रिकामे केल्यावर वाईट शब्द उच्चारायचा नाही, हा त्या विधीतला सर्वांत कडक नियम दिसतो.

मंजिरी

सप्तपर्णी यांनी दिलेल्या वर्णनात आंबवणाच्या देवाचे नाव कुठेच नाही, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. पिंपाच्या बुचावर ओतलेली बिअर भूमीला उद्देशून आहे, म्हणजे झेमिनाला. पिण्यापूर्वी थोडे पेय जमिनीवर सांडून झेमिनाला आवाहन करण्याची चाल प्रेटोरिउसने इतर सणांच्या संदर्भातही नोंदवली आहे. मला वाटते, आंबवणाचा देव हा वेगळ्या सिंहासनावरचा देव नसून भूमीशी निगडित घरगुती सामर्थ्याचे पिंपापुरते रूप असावे. वासित्स्कीने दिलेल्या रौगुझेमेपातिस या लांबलचक नावातही ‘झेमे’, म्हणजे भूमी, आहेच.

दुसरा मुद्दा बायकांचा आहे. मातेरगाबियेविषयी वासित्स्की दोनच वाक्ये लिहितो, पण ती नेमकी आहेत. काथवटीतून काढलेल्या पहिल्या गोळ्याची भाकर करून स्त्री तिच्यावर बोटाने खूण करते आणि ती भट्टीत भाजते. ती भाकर नंतर घरधनी किंवा त्याची बायको यांच्याखेरीज कोणी खात नाही. भाकरीवर बोट दाबून केलेली खूण ही कल्पनेने रचण्याजोगी गोष्ट नव्हे. ती कोणीतरी पाहिलेली आहे. याउलट दुग्नाइला एक तुटपुंजे वाक्य मिळते, कारण लिहिणारे सगळे पुरुष होते. बिअरचे पिंप उघडले जाते तेव्हा त्यांना बोलावणे असे, पहाटे पीठ मळले जाते तेव्हा नसे.

शिवाय चुलीतल्या विस्तवाची देवी गाबिया हिच्याविषयी विसाव्या शतकापर्यंत गावोगाव आठवणी मिळाल्या. रात्री निखारे राखेने झाकून तिला ‘निजव’त, तिच्याजवळ आंघोळीसाठी स्वच्छ पाणी ठेवत, स्वयंपाक करताना चिमूटभर मीठ विस्तवात टाकत. हे सगळे बायकांच्या हातून होत होते.

साशंक

मंजिरी, बोटाच्या खुणेविषयीचा तुमचा तर्क मला पटतो. पण त्यावरून कृती खरी ठरते, देवीचे नाव नव्हे. त्या जमीनमोजणी करणाऱ्याने बाईला विचारले असेल की, ही भाकर कोणासाठी? तिने जे उत्तर दिले ते त्याने देवीचे नाव म्हणून टिपले. मूळ उत्तर ‘विस्तवासाठी’ एवढेच असू शकते.

रीगाकर

चर्चा लिथुआनियापुरती राहिली आहे, म्हणून लाटव्हियाची भर घालतो. १६०६ मध्ये स्ट्रिबिंग नावाच्या जेझुइट पाद्र्याने आजच्या पूर्व लाटव्हियातून पाठवलेल्या अहवालात शेतांच्या आणि धान्यांच्या देवाचा उल्लेख आहे. त्याला लोक काळा बैल, काळी कोंबडी, काळे डुकराचे पिल्लू आणि बिअरची पिंपे वाहत. त्याच सुमारास दिओनिसिउस फाब्रिसिउस या दुसऱ्या पाद्र्याने अवर्षणाच्या वेळचा विधी लिहून ठेवला आहे. लोक टेकड्यांवर जमून पेर्कुनला, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाला, काळी कालवड, काळा बोकड आणि काळा कोंबडा देत, सगळे मिळून खातपीत, आणि बिअरचे भांडे विस्तवाभोवती तीन वेळा फिरवून ती विस्तवात ओतत पाऊस मागत.

इथे बिअरचा देव नाही. बिअर हे देवाशी बोलण्याचे साधन आहे. लाटव्हियन परंपरेत आंबवणाचे वेगळे दैवत ठळक दिसत नाही, पण बिअरशिवाय सण होत नाही. आजही २३ जूनच्या रात्री इथे शहाजिरे घातलेले गोल चीज आणि बिअर नसेल, तर यान्यी हा ऐन उन्हाळ्यातला सण साजरा झाला असे कोणी म्हणणार नाही. क्रिश्यानिस बारोन्स यांनी १८९४ ते १९१५ या काळात प्रसिद्ध केलेल्या लोकगीतांच्या संग्रहात या सणाची आणि बिअरची गाणी भरपूर आहेत. शेतातल्या सुबत्तेचे दैवत युमिस मात्र लाटव्हियात अगदी जिवंत आहे. एका काडीवर दोन कणसे आली की तो युमिस, आणि ती काडी जपून घरी आणायची.

जलतरंग

रीगाकर यांनी दिलेली माहिती उपयुक्त आहे. जुन्या प्रशियाचेही एक उदाहरण देतो. ७ फेब्रुवारी १२४९ रोजी ट्युटॉनिक सरदारसंघ आणि पराभूत प्रशियन यांच्यात क्रिस्टबुर्ग येथे तह झाला. त्यात प्रशियनांकडून असे वचन घेतले आहे की, पीक काढून झाल्यावर वर्षातून एकदा जी मूर्ती करून ते देव म्हणून पुजतात आणि जिला कुर्के म्हणतात, तिला यापुढे नैवेद्य दाखवणार नाहीत. कोणाची थट्टा करण्यासाठी किंवा यादी लांबवण्यासाठी केलेला हा उल्लेख नाही. तो करारातला मजकूर आहे. साशंक यांचे यावर काय म्हणणे आहे?

साशंक

कुर्के मी मान्य करतो. पण पुढे तिचे काय झाले तेही पाहा. १५२० च्या दशकात सिमोन ग्रुनाउ हा भिक्षू आपल्या प्रशियाच्या बखरीत तिला अन्नपाण्याचा देव करून टाकतो, हायलिगेनबाइल येथे त्याच्या नावाचा पवित्र ओक उभा करतो आणि त्यापुढे धान्य, पीठ, मध, दूध जाळायला लावतो. ग्रुनाउच्या बखरीवर इतिहासकारांचा फारसा विश्वास नाही, हे इथे सर्वांना ठाऊक असेल. तहातल्या एका ओळीपासून एका भरगच्च देवळापर्यंतचा हा प्रवास तीनशे वर्षांत झाला.

त्याहून ठळक उदाहरण रागुतिसचे. विल्नियसमधील प्यातनित्स्काया चर्चच्या जागी बिअरच्या या देवाचे मंदिर होते, असे आजही पर्यटकांना सांगतात. या देवाला त्याचा आजचा थाट मिळवून दिला तो इतिहासकार तेओदोर नार्बुत यांनी, एकोणिसाव्या शतकात, आणि नार्बुत हे पुराव्याची उणीव कल्पनेने भरून काढण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. रौगुपातिसचा विचार करताना रागुतिसला कृपया बाहेर ठेवावे.

कौनसवासी

साशंक यांच्या रागुतिसविषयीच्या इशाऱ्याला पूर्ण अनुमोदन. इथे मद्याच्या बाटल्यांवर आणि खानावळींच्या पाट्यांवर जुने देव इतके दिसतात की, अभ्यासकाने तिकडे डोळेझाकच करावी.

मात्र बिअर करण्याच्या रीतीविषयी एक गोष्ट मूळ प्रश्नाशी निगडित आहे. उत्तर लिथुआनियात बिर्झाइ, पास्वालिस या भागांत घरगुती बिअरची परंपरा सोव्हिएत काळातही टिकून राहिली. त्यातल्या केप्तिनिस नावाच्या प्रकारात भिजवलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, लगदा पावासारखा भट्टीत भाजतात, त्यावर तपकिरी कवच धरते, मग तो फोडून गरम पाण्यात कालवतात आणि गाळून आंबवतात. जुन्या रीतीत हा रस पुष्कळदा उकळतही नसत. हे पाहिल्यावर पाव आणि बिअर या एकाच भट्टीतून निघालेल्या दोन गोष्टी आहेत, हे लगेच ध्यानात येते. प्रेटोरिउस जेव्हा म्हणतो की, रौगुपातिस हा एकच देव बिअर फसफसवतो आणि पीठही आंबवतो, तेव्हा ते मला पाद्र्याचे वर्गीकरण वाटत नाही. बाहेरच्या विद्वानाने बाकस आणि सेरेस या रोमन देवतांच्या धर्तीवर मद्याचा एक आणि धान्याचा दुसरा असे दोन देव केले असते.

मंजिरी

कौनसवासी, हा मुद्दा या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. १५३० च्या सुमारास प्रशियातील चर्चच्या आदेशांत देवांची यादी दिली आहे. ती नेमकी तशीच आहे. प्रत्येक प्रशियन देवापुढे त्याचा रोमन जोडीदार, आणि पिल्वितुसपुढे सेरेस. आंबवणाला रोमन यादीत वेगळी जागा नाही, म्हणून तिथे रौगुपातिस नाही. जो देव कोणत्याही तयार साच्यात बसत नाही, तो लिहिणाऱ्याने साच्यातून काढलेला नसण्याची शक्यता अधिक.

आंबण्यामागे सूक्ष्म जीव असतात हे पास्तर यांच्या १८५७ पासूनच्या कामानंतर हळूहळू ध्यानात आले. त्याआधी तेच पीठ, तेच पाणी, तेच पिंप असून एका आठवड्यात पाव फुगे आणि दुसऱ्या आठवड्यात दगड होई. ज्या कामाचे यश हाती नसते, तिथे कोणाची तरी मर्जी राखावी लागते.

साशंक

साच्यात न बसण्याचा युक्तिवाद चांगला आहे. तरी दोन शंका उरतात. एक, प्रेटोरिउसने आधीचे छापील लेखक वाचले होते, त्यामुळे वासित्स्की आणि तो या दोघांना स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही. दुसरी, साबारिओसच्या संध्याकाळी परका माणूस येणार नाही याची काळजी घेत असत, असे तोच सांगतो. मग पाद्र्याला हे सगळे कळले कसे?

सप्तपर्णी

पहिल्या शंकेला उत्तर असे की, नाव वाचलेले असू शकते, पण लाकडी पळी, नवे मडके, पालथे माप आणि शेणाखालची हाडे हे वासित्स्कीत कुठेही नाही. ते त्याने गावातूनच मिळवले असणार. दुसऱ्या शंकेविषयी, तो त्याच प्रदेशात जन्मलेला, तिथल्या लोकांत अनेक वर्षे राहिलेला धर्मोपदेशक होता. लोक त्याच्यापुढे पापाची कबुली म्हणून किंवा शेजाऱ्याची चहाडी म्हणून बरेच काही सांगत असणार.

जलतरंग

म्हणजे रौगुपातिस हे नाव कंसात ठेवावे लागेल. पिंपावर ओतलेला पहिला घोट आणि बोटाची खूण असलेली भाकर यांना मात्र कंसाची गरज नाही. यापुढची चर्चा वासित्स्कीने नोंदवलेल्या मधमाश्यांच्या दैवतांवर, बाबिलोस आणि आउस्तेया यांवर, व्हावी असे वाटते. मधाच्या मद्याचा धागा तिथूनच लागतो.

हरभऱ्याचे झाड

आउस्तेयेकडे वळण्यापूर्वी साशंक यांच्या दुसऱ्या शंकेत एक भर घालतो. तीन मग नऊ वेळा रिकामे करणाऱ्या कुटुंबातल्या कोणालाही आकडा लक्षात राहणे शक्य नव्हते. ज्याअर्थी आकडा नऊच नोंदवला गेला आहे, त्याअर्थी मोजणारा कोणीतरी खिडकीबाहेर शुद्धीवर उभा होता.